एक्केचाळीस मोटारींची गाडी

या धोंड्याच्या जेवणाला साडूची जिरवली नाही तर अमरसिंह नाव लावणार नाही, असं अमरसिंहनं आपल्या दुकानात ठणकावून सांगितलं, तेव्हा ऐकायला माणूस एकच होता. जळालेली मोटार घेऊन दीड तास ताटकळलेला एक शेतकरी. त्याला अमरसिंहच्या साडूशी काही घेणंदेणं नव्हतं. पण हातात हातोडी असलेल्या माणसाला नाही कशाला म्हणा, म्हणून तो बिचारा ‘बरोबर हाय’ म्हणाला. तेवढ्यावर अमरसिंहला अख्खा बीड जिल्हा आपल्या पाठीशी उभा राहिल्यासारखं वाटलं!

कड्याच्या बाजारात अमरसिंहचं मोटारी भरायचं दुकान. विहिरीतली असो, बोअरमधली असो, जळून कोळसा झालेली मोटार हा माणूस पुन्हा जिवंत करायचा. हाताला गुण होता, पण डोकं बारा महिने तापलेलं. गिऱ्हाइकाला मोटार परत करताना आधी त्याची अक्कल काढायचा. फेज बघितली होती का, स्टार्टर कुण्या शहाण्यानं जोडला, डोळे काय खुंटीला टांगले होते का. लोक मुकाट ऐकून घ्यायचे आणि पुढच्या वेळी परत त्याच्याकडंच यायचे, कारण त्यानं भरलेली मोटार पाच वर्षं कुरकुरत नसे.

असा हा माणूस जगात सगळ्यांत जास्त कुणावर चिडून असेल, तर प्रविणवर. प्रविण म्हणजे त्याच्या बायकोच्या, वनमालाच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. राहायला तेलगावकडं, धंदा प्लॉटिंगचा. वाईट माणूस नव्हता. तेच तर अमरसिंहला सोसत नव्हतं! वाईट असता तर एकदा भांडून मोकळं होता आलं असतं. हा पठ्ठ्या भेटला की वाकून पाया पडायचा, ‘दाजी, दाजी’ करायचा आणि जाताना सगळी सासरवाडी खिशात घालून न्यायचा.

मूळ दुखणं तीन वर्षांपूर्वीचं. अधिक महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे खायला बोलावतात, वाण देतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. एरवी कुत्रं विचारत नसलं तरी त्या महिन्यापुरता जावई म्हणजे साक्षात विष्णू. अमरसिंह थोरला जावई. गेल्या अधिकात तो मोठ्या रुबाबात पहिल्या पाटावर टेकणार, तोच सासू छबुबाई म्हणाली की पाव्हणं, तुमी घरचेच, नव्या जावयाला आधी बसू द्या. पहिला टिळा प्रविणला. अंगठी प्रविणला. अमरसिंहला सफारीचं कापड, आणि तेही असं बेताचं की शिंप्यानं विचारलं, एक बाही आखूड चालंल का. ती बेइज्जती अमरसिंह तीन वर्षं रोज थोडी थोडी चघळत होता.

यंदाची गोष्ट मात्र नुसत्या पाटाची नव्हती. सासरा आश्रुबा, धारूरच्या अलीकडं घाटाच्या वरच्या अंगाला वस्ती करून राहणारा, बहात्तर वर्षांचा म्हातारा. त्या भागातल्या दहा-बारा गावांत त्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नव्हतं. त्याला मुलगा नाही, दोन पोरीच. पक्षाच्या लोकांनी त्याला सांगून टाकलं होतं की येत्या निवडणुकीत झेडपीचं तिकीट तुम्ही म्हणाल त्याला. आणि आश्रुबानं दोन्ही जावयांना फोन करून कळवलं होतं की धोंड्याला या, त्या दिवशी नाव सांगतो. झेडपी मेंबर! अमरसिंहनं रात्रीतून मनातल्या मनात शपथही घेऊन टाकली. अकरा वर्षांत सासऱ्याच्या तोंडून त्याच्याबद्दल एक चांगला शब्द निघाला नव्हता. एकदा, फक्त एकदा, त्या म्हाताऱ्यानं चार माणसांत म्हणावं की माझा थोरला जावई लाखात एक आहे, एवढीच त्याची भूक होती. पण हे तो कुणाला सांगणार? म्हणून तो चिडायचा.

तेवढ्यात प्रविणनं पुण्याहून गाडी आणली. वापरलेलीच, पण निळी, बुटकी, दोन दारांची, मागं पंख बसवलेली. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला सकाळ-संध्याकाळ तीच. अमरसिंहनं स्टेटसमधला त्या गाडीचा आवाज एकदा ऐकला, दोनदा ऐकला आणि तिसऱ्या दिवशी घरची धडधाकट सात माणसांची जीप घेऊन छत्रपती संभाजीनगर गाठलं. अधिक लागायला दोन दिवस उरले होते. अधिकात नवी वस्तू घेत नाहीत, म्हणून घाई. संध्याकाळी परत आला तो जीप देऊन, वर पैसे मोजून, लाल रंगाची तसलीच बुटकी गाडी घेऊन. वनमालानं नारळ फोडायला आणला होता. ती गाडीकडं बघत राहिली आणि तिनं शांतपणे विचारलं की बाकीची कुठाय. अमरसिंह त्या रात्री जेवला नाही.

मग साडूसाडूंचा फोनवर मुकाबला सुरू झाला. अमरसिंहची दोनशे पाच हॉर्सपॉवर, प्रविणची एकशे नव्वद. अमरसिंहनं लगेच सुनावलं की पंधरा घोडे कमी पडले. प्रविण म्हणाला, पडू द्या दाजी, पण टॉर्क माझा जास्त. तुमचा दोनशे ऐंशी, माझा तीनशे वीस. आता टॉर्क म्हणजे ओढ, हे मोटारीवाल्याला शिकवायची गरज नव्हती, त्यामुळं अमरसिंह आणखीच भडकला. शून्य ते शंभर? लाल गाडी सहा पूर्णांक नऊ सेकंदात, निळी सात पूर्णांक एक. चालली किती? लाल बासष्ट हजार, निळी अठ्ठेचाळीस. गिअर? लालला सहा, हातानं टाकायचे; निळीचे आपोआप पडायचे. आपोआप गिअर पडणाऱ्या गाडीत आणि घरजावयात काही फरक नाही, असं बोलून अमरसिंहनं फोन आपटला. गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच आहे, हे मात्र दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. बीड जिल्ह्यात राहून! लाल तेरा सेंटिमीटर, निळी साडेबारा. आपल्याकडं गावचे गतिरोधक याच्याहून उंच असतात, हे शेंबड्या पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं.

ते धोंड्याच्या दिवशी कळलं. कड्याहून धारूरकडं निघाल्यावर हमरस्त्यावर गाडी बाणासारखी गेली, खोटं कशाला बोला. पण गाव आलं की गतिरोधक. सरकारी वेगळा, पुढाऱ्याच्या घरापुढचा वेगळा, आणि ज्याची कोंबडी गाडीखाली मेली त्यानं स्वतः टाकलेला तिसराच. दर गतिरोधकाला वनमाला आणि दहा वर्षांची वैष्णवी खाली उतरायच्या, गाडी हलकी व्हायची, अमरसिंह ती तिरपी करून एकेक चाक असं चढवायचा, जशी म्हातारी पायरी चढते, आणि पलीकडं मायलेकी परत बसायच्या. नवी पैठणी नेसून वनमाला अशी निम्म्या जिल्ह्यातून चालली. एका गावात तर कडब्याची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर त्यांना मागं टाकून गेला आणि वर बसलेल्या बायांनी वनमालाला विचारलं, वैनी, येता का आमच्यासंगं. सत्ताविसाव्या गतिरोधकाला वनमाला म्हणाली, “ह्या गाडीत बसल्यापासून मी जितकं चालले, तितकं लग्न झाल्यापासून चालले न्हवते.” अमरसिंह खाली वाकून गाडीचं पोट बघत होता. पण एवढं खरं, की आतापर्यंत गाडीच्या पोटाला एक ओरखडा नव्हता.

वस्तीवर पोचले तर निळी गाडी आधीच लिंबाच्या सावलीत. प्रविण सासऱ्याशेजारी बाजेवर बसून शेंगा खात होता. अमरसिंहला बघताच तो उठला, पाया पडला आणि म्हणाला की दाजी, गाडी लई भारी घेतलीत. आता अशा माणसाचं करायचं काय? अमरसिंहनं मनातल्या मनात दात खाल्ले.

आश्रुबा काठी टेकत दोन्ही गाड्यांभोवती फिरला. लाल गाडीच्या टपावर त्यानं हात ठेवला, तो त्याच्या छातीलाही आला नाही. अमरसिंहला वाटलं, म्हाताऱ्याला हॉर्सपॉवर कशी कळावी, त्याला त्याच्या भाषेत सांगू. छाती फुगवून तो म्हणाला, “मामा, विहिरीवर आपली पाच एचपीची मोटार असती का न्हाई? तसल्या एक्केचाळीस मोटारी हायत ह्या गाडीत.”

आश्रुबानं बॉनेटकडं बराच वेळ बघितलं. मग गंभीरपणे विचारलं, “आन् लाइट गेल्यावर?”

प्रविण हसला नाही. तेवढी अक्कल त्याला होती. तो म्हणाला की मामा, माझ्यात अडतीसच हायत, पण ओढ जरा बरी हाय. झालं! तिथंच दोघांची जुंपली. टॉर्क, टायर, टर्बो, ब्रेक, सहा पूर्णांक नऊ, सात पूर्णांक एक. शेजारच्या वस्तीवरचे दोघे-तिघे येऊन उभे राहिले. छबुबाई दोनदा जेवायला बोलावून गेली. अमरसिंहच्या मानेची शीर अशी तटतटली, की वनमालानं लांबूनच पाण्याचा तांब्या पाठवून दिला.

शेवटी आश्रुबानं काठी आपटली. त्याला आज दुपारून चार गावं करायची होती. पहिल्या गावात एक मयत झालं होतं, तिथं बसायला जायचं. दुसऱ्या गावात अधिकाचा सप्ताह. तिसऱ्या गावात बांधावरून भांडण. चौथ्या गावात दवाखान्यातून घरी आलेला बद्रीनाथ नावाचा जुना मित्र. तो म्हणाला, “दोन गावं प्रविणरावांच्या गाडीत करतो, दोन तुमच्या. पाट मांडलेलेच हायत. माघारी आल्यावर ज्याची गाडी सरस ठरंल त्याला पयला टिळा. आन् जेवणं झाल्यावर तिकिटाचं नाव सांगतो.”

नीट ऐका. म्हातारा दोन वाक्यं वेगवेगळी बोलला होता. अमरसिंहनं मात्र ती वायरीसारखी एकमेकांना जोडून टाकली. गाडी सरस, म्हणजे टिळा. टिळा, म्हणजे तिकीट!

निळी गाडी पुढं निघाली, लाल मागं. अमरसिंह लाल गाडीत एकटाच, हातात घड्याळ. मयताच्या घरी आश्रुबा दहा मिनिटांत उठेल असं त्याला वाटलं होतं. पण प्रविण तिथं मांडी घालून बसला. गेलेल्या माणसाचं वय विचारलं, आजार विचारला, धाकट्या पोराची शाळा विचारली, रडणाऱ्या म्हातारीला पाणी दिलं. अमरसिंह गाडीतच बसून राहिला. शर्यत लावलीय का सुतक धरायला आलाय, असं म्हणत त्यानं घड्याळात बघितलं. पाऊण तास! मनात पहिली फुली मारली.

दुसऱ्या गावाच्या अलीकडं खरी मजा झाली. कुण्या शेतकऱ्यानं पाण्याचा पाइप रस्त्याला आडवा पुरून वर मुरमाचा उंचवटा केला होता. प्रविणनं गाडी सरळ घातली. पुढची चाकं पार झाली, मागची अलीकडं राहिली आणि मधे पोट टेकलं. गाडी उंचवट्यावर झोका खात राहिली. आपोआप गिअर पडत होते, पण जाणार कुठं? अडतीस मोटारी जागेवरच घुमत होत्या! अमरसिंहला इतका आनंद झाला, की तो पहिल्यांदाच गाडीतून खाली उतरला.

प्रविण मात्र लाजला नाही. त्यानं खाली उतरून शेतातल्या माणसांना हात जोडले. म्हणाला, मालक, चूक माझी हाय, तुमच्या रस्त्यावर मी असली गाडी घेऊन यायला नको होतं. बघता बघता पंधरा-वीस माणसं गोळा झाली. पागोटं सरळ करून एकानं हाळी दिली, सगळ्यांनी मिळून गाडी उचलून पलीकडं ठेवली. लोक हसले, प्रविण त्यांच्याहून जास्त हसला. मग फोटो झाले, चहा झाला, कुणाचा पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय, कुणाच्या बोअरला पाणी लागलं नाही, सगळं निघालं. प्रविणनं पोराचा नंबर घेतला. तेवढ्यात अमरसिंहनं आपली रिकामी गाडी तिरपी करून पार केली, पण ते बघायला कुणाला सवड नव्हती. दुसऱ्या गावात पोचेपर्यंत सप्ताहाचं कीर्तन संपून पंगत बसली होती, आणि हा साडू उपाशी असतानाही पानाला हात न लावता वाढायला उभा राहिला. दोन गावांना अडीच तास! अमरसिंहनं कपाळावरचा घाम पुसला. तिकीट आता खिशातच पडलं होतं.

मग आश्रुबा लाल गाडीत बसला. बसला म्हणजे काय, सोडला. प्रविण आपली गाडी नंतर नेऊ म्हणून सप्ताहाच्या मंडपाशेजारीच ठेवून मागं कसाबसा दुमडून बसला.

त्यानंतर अमरसिंहनं जी गाडी चालवली, ती त्या भागानं पूर्वी बघितली नव्हती. खड्डा असा चुकवायचा की शेजारच्या माणसाच्या मांडीवरची शेंग हलू नये. गतिरोधकावर तीन माणसांसकट तिरपी चढवून तिरपी उतरवायचा, पोट कुठं घासत नव्हतं. तिसऱ्या गावात पोचायला त्याला बारा मिनिटं लागली. आश्रुबा भांडण मिटवायला ओट्यावर बसला आणि हळूहळू दोन्ही भावांना बोलतं करायला लागला. हे आता संध्याकाळपर्यंत चालणार, असं दिसताच अमरसिंहची शीर ताठ झाली. तो ओट्यापुढं जाऊन म्हणाला, “वीतभर बांधासाठी भांडायलाव? दोघांलाबी अक्कल न्हाई. मधी दगड रोवा आन् गप घरी जावा.”

निकाल चुकीचा नव्हता. पण दोन्ही भाऊ, गेले सहा महिने एकमेकांचं तोंड न बघणारे, त्या दिवशी पहिल्यांदा एकत्र उठले आणि हा कोण टिकोजी लागून गेला असं विचारायला लागले. आश्रुबानं कसंबसं सावरलं. अमरसिंहला वाटलं, बघा, पाच मिनिटांत एकी केली.

चौथ्या गावाच्या वेशीत चंद्रभागाबाई नावाची एक म्हातारी शेळ्या घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी. आश्रुबाला बघून तिला आनंद झाला. खिडकीत वाकून तिनं अमरसिंहला विचारलं की तू कुणाचा रे बाबा. अमरसिंह म्हणाला, “आधी शेळ्या बाजूला घे, मग नातं सांगतो.” म्हातारीनं शेळ्या बाजूला घेतल्या. हा नातं न सांगता निघून गेला. पुढं गल्लीत ट्रॅक्टर आडवा. ट्रॅक्टरवाल्याला चार शब्द ऐकवून अमरसिंहनं गाडी दोनशे पावलं मागं घेतली, तीही दोन्ही बाजूंना वीत-वीत जागा असताना, आरशात न बघता. बद्रीनाथच्या दारात तो इंजिन चालू ठेवून बसला आणि चार मिनिटांनी हॉर्न वाजवला. आजाऱ्याच्या दारात! मागच्या सीटवरून प्रविण उतरून आत गेला होता. तो बद्रीनाथच्या गोळ्यांचा कागद वाचून दाखवून सगळ्यांत शेवटी बाहेर आला.

माघारी येताना तोच मुरमाचा उंचवटा आला, पण आता गाडीत तीन माणसं. अमरसिंह खाली उतरला. वितीनं उंची मोजली, वाकून गाडीच्या पोटाखाली बघितलं, परत येऊन बसला. एक चाक उंचवट्याच्या कडेवर, एक चाक पाण्याच्या चारीच्या काठावर, क्लच अर्धा दाबलेला, आणि गाडी मांजरीसारखी पार! मघाची माणसं शेतातून बघत होती. कुणी हात केला नाही, पण सगळे उठून उभे राहिले.

आश्रुबा म्हणाला, “वा.”

एकच शब्द. अकरा वर्षांत पहिला. अमरसिंहचे कान गरम झाले. डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं, म्हणून तो उगाच एसीवर खेकसला.

वस्तीवर आल्यावर आश्रुबानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं की गाडी थोरल्या पाव्हण्यांची सरस. दोन गावं पस्तीस मिनिटांत, आणि गाडीला खरचटलं नाही. छबुबाईनं अमरसिंहला पहिल्या पाटावर बसवलं. पहिला टिळा त्याला. तेहतीस अनारशांचं ताट, वर दिवा लावून, त्याच्या मांडीवर. तीन वर्षांचा जाळ त्या एका टिळ्यानं विझला. त्यानं शेजारच्या पाटाकडं बघितलं. प्रविण खाली मान घालून धोंडा कुस्करत होता. आज अमरसिंहला त्याची थोडी दयासुद्धा आली. मेंबर झाल्यावर याचं एखादं काम करून टाकू, असं त्यानं मोठ्या मनानं ठरवलं.

हात धुऊन आश्रुबानं सुपारी फोडली आणि म्हणाला, “तिकीट प्रविणरावांला.”

 अमरसिंहच्या तोंडात अख्खा धोंडा होता. तो त्यानं तसाच गिळला.

“मामा, गाडी माझी सरस ठरली न्हवं?”

“ठरली की. म्हणूनच तर. ह्यांच्या गाडीत बसून परचाराला निघालो तर मतदान व्हऊन जाईल आन् आमी मुरमावर झोकेच खात बसू.”

“मंग मला कावून न्हाई तिकीट?”

आश्रुबानं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. तो चिडला नव्हता, हेच अमरसिंहला जास्त लागलं.

“पाव्हणं, ह्यांनी अडीच तासांत दोन गावं केली आन् दोन्ही गावं ह्यांची झाली. तुमी पस्तीस मिनटांत दोन गावं केली. त्या गावांत आता मला तोंड दाखवायला महिना जाईल. हात कुणीबी जोडतं, अमरसिंगराव. पण तुमच्यासारखा डायव्हर म्या आपल्या अकरा तालुक्यांत बघितला न्हाई. परचाराला गाडी तुमची, आन् चालवायची तुमीच.”

अमरसिंहला ताडकन उठून ताट भिरकावून द्यायचं होतं. पण मांडीवर अधिकाचं वाण, वर पेटता दिवा. वाण टाकलं तर सात पिढ्या बोलतील. उठता येईना, ओरडता येईना. छबुबाईनं प्रेमानं आणखी एक धोंडा त्याच्या तोंडात घातला. त्यात प्रविण उठून पाया पडला आणि अगदी मनापासून म्हणाला, “दाजी, तुमी गाडीवर असल्यावर मला कसलीच फिकीर न्हाई.” माणसानं राग काढावा तरी कसा, सांगा!

घरी परतताना अमरसिंह कड्यापर्यंत एकटाच बोलत होता. मी काय कुणाच्या बापाचा डायव्हर हाय का? मोटारी भरून पोट भरतो, कुणाच्या दारात हॉर्न वाजवत बसणार न्हाई. म्हातारा स्वतः आला तरी किल्ली देणार न्हाई. वनमालानं त्याला सगळं बोलू दिलं. मग तिनं विचारलं की आमचे वडील तुमाला लई भारी डायव्हर म्हणले, ते खरं का. अमरसिंहनं गिअर बदलला. मग म्हणाला, “अकरा तालुक्यांत न्हाई म्हणले.”

प्रचाराच्या पहिल्या दिवशी सकाळी सहा वाजता लाल गाडी धुऊनपुसून तेलगावात प्रविणच्या दारात उभी होती. सव्वासहाला अमरसिंह हॉर्नवर हात ठेवून ओरडत होता की उमेदवाराला येळेचं भान नको का!

पहिल्या गावात वेशीतच हलगी लागली. लोक हार घेऊन गाडीकडं धावले. अमरसिंह दार उघडून खाली उतरला, शर्ट सारखा केला, आणि समोरच्या म्हाताऱ्यानं हार वर उचलताच, राग तसाच मनात धरून, त्यानं मान पुढं केली.

म्हातारा म्हणाला, “तुमी न्हाई, पाव्हणं. तुमी गाडी तेवढी सावलीला लावा.”

सावली होती एकाच जागी, पाण्याचा टँकर आणि मारुतीच्या पाराच्या मधे, आणि तिथं सायकल घालायलाही कुणी धजलं नसतं. अमरसिंह संतापानं दार आपटून गाडीत बसला. एका दमात, मागच्या मागं, कुठंही न टेकवता त्यानं ती तिथं घातली. हलगीवाला वाजवायचा थांबला. लोक उमेदवाराला सोडून गाडीकडं बघायला लागले. अमरसिंहनं काच खाली केली, सगळ्यांकडं रागानं बघितलं, आणि मग कुणाचं लक्ष नाही असं बघून, जरासा हसला.